बारा तोंडं, बारा भोकं, वीस गुंड्या: रोमन काळात हे कशासाठी ओतलं असेल?

कोअरवाले काका (नंदनवन, नागपूर)

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी 29 वर्षं कोअर शॉपमध्ये काम केलं. ओतलेला माल आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात जो गाभा ठेवतात, तो कोअर. आता घरीच असतो. माझी नात अकरावीत आहे. मे महिन्यात तिनं मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि विचारलं, "आजोबा, हे तुम्हाला ओतता आलं असतं का?" तेव्हापासून ती वस्तू डोक्यातून जायला तयार नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिला रोमन डोडेकाहेड्रॉन म्हणतात, म्हणजे बारा बाजूंचा घन. कांस्याची पोकळ वस्तू, मुठीत मावेल एवढी. बारा सपाट बाजू, प्रत्येक बाजू पंचकोनी. प्रत्येक बाजूच्या मधोमध गोल भोक, आणि ही भोकं एका मापाची नाहीत, काही करंगळी जेमतेम जाईल अशी, काही अंगठा सहज जाईल अशी. जिथं तीन बाजू मिळतात त्या प्रत्येक कोपऱ्यावर एक गोल गुंडी, अशा वीस गुंड्या. सगळ्यात लहान नग चार सेंटिमीटरचा, मोठा अकराचा. इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकातल्या या वस्तू आहेत. पहिली नोंद 1739 सालची, इंग्लंडमधली. आजवर सव्वाशेच्या आसपास नग सापडलेत, आणि रोमन लोकांनी एवढं लिहून ठेवलं तरी या वस्तूबद्दल एक ओळ नाही, एक चित्र नाही.

2023 मध्ये इंग्लंडच्या लिंकनशायरमध्ये नॉर्टन डिस्नी नावाच्या गावाजवळ हौशी लोकांच्या गटाला खोदताना एक अख्खा नग मिळाला. आठ सेंटिमीटर उंच, वजन 245 ग्रॅम. त्याची धातू तपासली तर तांबं 75 टक्के, कथील 7, शिसं 18. हा शिशाचा आकडा वाचला आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

कारण हे आमच्या कामाचं आहे. शिसं जास्त घातलं की वितळलेल्या धातूचा रस पातळ धावतो, बारीक कोपऱ्यात शिरतो, नंतर कानस छान चालते. पण माल मऊ राहतो. कोणी म्हणतं हे गदेचं डोकं होतं, दांड्यावर बसवून हाणायचं. पोकळ, पातळ भिंतीची, शिशाची वस्तू हाणली तर दुसऱ्या घावात चेपेल. ते शस्त्र नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

मग मी एक करून पाहायचं ठरवलं. आधी मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती चढवायची, भाजून मेण काढायचं आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा, ही रीत. इतवारीतून मधमाशीचं मेण आणलं. तीन मिलिमीटरची लादी केली, पुठ्ठ्याचा पंचकोन ठेवून बारा तुकडे कापले, गरम सुरीनं जोडले. मे महिन्यातलं नागपूर तुम्हाला माहीत आहे. दुपारी अकरानंतर मेण हातात लोळायला लागायचं, कडा बसायच्या. मग पहाटे साडेचार ते सात आणि रात्री कूलरसमोर, असं चार दिवस काम केलं. भोकं पाडायला पाइपाचे वेगवेगळे तुकडे वापरले. गुंड्या तळहातावर वळल्या, तिळाच्या लाडवांसारख्या, आणि कोपऱ्यांवर चिकटवल्या.

यातून एक गोष्ट हाताला कळली. मी कोअर वेगळा करायच्या तयारीत होतो. पण मेणाच्या गोळ्यावर पातळ माती चढवायला लागलो तेव्हा ती बारा भोकांतून आपोआप आत गेली आणि आतली माती बाहेरच्या मातीशी बारा ठिकाणी जोडली गेली. म्हणजे मेण वितळून गेल्यावर आतला कोअर जागच्या जागी अधांतरी राहतो, त्याला खिळे लावून धरायची गरज नाही. आणि ओतल्यावर तीच माती त्याच भोकांतून कोरून काढायची. कोअर शॉपमध्ये माझी निम्मी हयात कोअर हलू नये याच चिंतेत गेली. इथं भोकांनीच ते काम केलं!

पण मग भोकं लहान-मोठी काहून? त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. कोअर धरायला सगळी सारखी चालली असती.

जुन्या सहकाऱ्याच्या छोट्या भट्टीवर ओतून पाहिलं. पहिला नग फसला. वरच्या पाच गुंड्यांपैकी दोन अर्ध्याच भरल्या, हवा अडकली. आणि वजन आलं 410 ग्रॅम. ते लोक जवळपास तेवढ्याच आकाराचा नग 245 ग्रॅममध्ये बसवत होते, म्हणजे त्यांची भिंत माझ्या निम्म्या जाडीची, दीड-दोन मिलिमीटरची असणार. शिवाय वीसच्या वीस गुंड्या भरलेल्या. हे काम शिकाऊ माणसाचं नाही. असा माल ओतणारा कारागीर स्वस्त नव्हता आणि त्या काळी तांबंही स्वस्त नव्हतं.

म्हणून विचारतो. ज्यांनी हातानं काम केलंय त्यांनी सांगा, ही वस्तू कशाची असेल? माझा कौल असा की हे अवजार नाही. नॉर्टन डिस्नीच्या नगावर वापरानं झिजल्याच्या खुणा नाहीत. आमच्याकडं माप तपासायचा साधा गेज दोन वर्षांत झिजून बाद व्हायचा. जे हाताळलं जात नाही ते जपलं जातं. पण कशासाठी जपलं, तिथं मी अडलोय.

लोकरवाली (प्रतापनगर)

काका, तुमची मेणाची गोष्ट दोनदा वाचली. मी पस्तीस वर्षं विणते, म्हणून माझ्या कामापुरतं बोलते.

हातमोजे विणायचं यंत्र म्हणून या वस्तूचे व्हिडिओ खूप फिरतात. गुंड्यांना लोकर अडकवायची, फिरवत जायची, भोकातून विणलेली नळी खाली उतरते, ते हातमोज्याचं बोट. वेगवेगळी भोकं म्हणजे वेगवेगळ्या जाडीची बोटं, असं सांगतात. ऐकायला गोड वाटतं. मी पुठ्ठ्याचं घर आणि लाकडी मणी घेऊन करून पाहिलं.

विणलं जातं, त्यात खोटं नाही. पण बोटाची जाडी भोकावर ठरतच नाही! ती ठरते किती खुंट्या आहेत आणि त्या एकमेकींपासून किती लांब आहेत यावर. या वस्तूच्या प्रत्येक तोंडाला पाचच गुंड्या आहेत आणि सगळीकडं अंतर सारखं. भोक लहान असो की मोठं, नळी एकाच मापाची निघते. मी सहा तोंडांवर विणून पट्टीनं मोजलं, सगळ्या सारख्या. मग बारा वेगळी भोकं पाडायचा खटाटोप कोण करेल? आणि पाच खुंट्यांचं काम चार चुका मारून एका फळीवर होतं. माझी आजी सुताच्या रिकाम्या लाकडी रिळावर चार खिळे ठोकून दोरी विणायची. त्यासाठी कांसं ओतायची गरज काय?

दुसरं म्हणजे आपण ज्याला विणकाम म्हणतो, दोन सुयांचं, त्याचे सगळ्यात जुने नमुने इजिप्तमधले आहेत आणि ते या वस्तूंच्या कितीतरी शतकं नंतरचे. रोमन काळातले मोजे मिळालेत, पण ते एका सुईनं गाठी घेत केलेले आहेत. ती रीतच वेगळी.

तर विणकाम नाही. मला वाईट वाटलं, कारण ते विणकाम असावं असं मला फार वाटत होतं.

पण तुमच्या "झीज नाही म्हणजे अवजार नाही" याला मात्र माझी हरकत आहे. आपल्याकडं बारशाला काय करतो? वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याखालून एकमेकींच्या हाती देतो, कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या. दोन हजार वर्षांनी कोणाला वरवंटा सापडला तर तो म्हणेल मसाला वाटायचा दगड, आणि ते खरंच आहे. पण त्या दगडानं किती बाळांची जागा घेतली ते त्याला कसं कळणार? काम आणि पूजा बायकांच्या हातात एकाच वस्तूत राहतात. वेगळ्या कप्प्यात टाकून शोधलं तर हाताला काही लागायचं नाही, असं मला वाटतं.

कोअरवाले काका

ताई, पाच खुंट्या आणि सारखी नळी, हे मला सुचलंच नसतं. पटलं. आणि वरवंट्याचंही पटलं. माझ्या धाकट्याच्या बारशाला आईनं नेलेला वरवंटा दुसऱ्या दिवशी परत चटणीला होता.

भूगोलाचे मास्तर (काटोल रोड)

मी शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवला. एक सिद्धांत असा आहे की समोरासमोरच्या दोन भोकांतून सूर्याचा कवडसा पाडायचा, त्यावरून सूर्य किती उंचीवर आहे ते कळतं, आणि त्यावरून थंडीतलं धान्य पेरायची तारीख ठरवायची. भोकं वेगळ्या मापांची का, याचं उत्तर या सिद्धांतात मिळतं, म्हणून तो मोहक आहे.

माझी अडचण व्यवहारातली आहे. नागपुरात मे अखेरीस एका दुपारी उभ्या काठीची सावली गायब होते. मी दरवर्षी मुलांना मैदानावर नेऊन तो दिवस दाखवायचो. एक सरळ काठी, एक ओळंबा, बस. सूर्याचा कोन मोजायला माणसाला याहून जास्त काही लागत नाही. आणि मोजमापाच्या साधनाला माप असतं. या वस्तूंवर ना आकडे, ना रेघा. दोन नगांची भोकंही एकमेकांशी जुळत नाहीत. एका गावच्या साधनावर पेरणीची तारीख एक आणि शेजारच्या गावात दुसरी, हे शेतकऱ्याच्या कामाचं नाही. आपल्याकडं मृग लागलं, पाऊस किती मुरला ते ढेकूळ हातात घेऊन पाहिलं, की पेरणी. कवडशाची वाट कोणी पाहत नाही.

पण आकार मात्र असातसा नाही. बारा पंचकोनांचा हा घन ग्रीकांना फार आधीपासून माहीत होता. प्लेटोनं अग्नी, पृथ्वी, वायू, पाणी या चौघांना चार घन वाटून दिले आणि पाचवा, हा बारा बाजूंचा, अखिल विश्वासाठी ठेवला. हे तो 'टिमेयस' या संवादात सांगतो. आपली पंचमहाभूतं आठवली ना? तर ओतणाऱ्याला नाही, पण करवून घेणाऱ्याला हा आकार का हवा होता, याचा धागा इथं असू शकतो. काका, तुम्ही पंचकोन पुठ्ठ्यावर कसा आखला? परकारानं की कोनमापकानं? मला खरोखर जाणून घ्यायचंय.

कोअरवाले काका

सर, कोनमापक घेऊन आखला. 108 अंश. पहिले तीन तुकडे अर्ध्या अंशानं चुकले होते, तर बारावा बसेचना, फट राहिली. नंतर एकच पत्र्याचा साचा केला आणि सगळे त्यावरून कापले. म्हणजे ज्यानं पहिला केला त्याला पंचकोन पक्का येत होता, किंवा कोणाकडून साचा मिळाला होता. हे तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं.

सराफ्यातला (इतवारी)

थोडंच लिहितो. सोन्याच्या कामात रवे लावतात तशीच ही कोपऱ्यांवरची गुंडी दिसते. बारा बाजूंचे, कोपऱ्यांवर रवे असलेले सोन्याचे छोटे मणी आग्नेय आशियात मिळालेत, म्यानमार, व्हिएतनाम भागात, असं वाचून आहे. सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे. ते दागिनेच असणार. त्यांचा-यांचा संबंध मी जोडत नाही. पण मोठ्या कारागिराकडं शिकलेला माणूस पेढी सोडताना एक अवघड नग करून दाखवायचा, ही रीत आमच्यात होती. माझ्या आजोबांनी केलेली चांदीची अत्तरदाणी अजून कपाटात आहे, तिच्यात कधी अत्तर भरलं नाही. हा नगसुद्धा तसाच हाताची परीक्षा असेल.

मातीत हात (अमरावती रोड)

काका, मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, एमएचं दुसरं वर्ष. तुमचा कोअरचा मुद्दा मी वर्गात सांगणार आहे, चालेल ना?

मला सगळ्यात बोलका वाटतो तो नकाशा. या वस्तू ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, हंगेरी या पट्ट्यात सापडतात. इटलीत नाही, स्पेनमध्ये नाही, उत्तर आफ्रिकेत नाही. सैन्याचं अवजार असतं, अंतर मोजायचं किंवा पाइपांचं माप घ्यायचं, तर रोमन सैन्य जिथं गेलं तिथं ते गेलं असतं. आपण "रोमन" म्हणतो, पण ही वस्तू रोमन राज्यातल्या उत्तरेकडच्या, रोमन येण्याआधीपासून तिथं राहणाऱ्या गॉल आणि केल्टिक लोकांची असावी. नागपूर जिल्ह्यात सापडलेली इंग्रजांच्या काळातली प्रत्येक वस्तू जशी इंग्रजांची नसते, तसंच.

सराफ्यातल्या काकांचा परीक्षेचा मुद्दा छान आहे, पण परीक्षेचा नग कारागिराच्या घरी राहील. हे मिळतात वेगवेगळ्या ठिकाणी. काही नाण्यांच्या साठ्यात मिळाले, म्हणजे मालकाला ते पैशाइतके मोलाचे होते. जर्मनीत गेलेप इथं एका बाईच्या थडग्यात असा नग हाडाच्या दांडीसारख्या वस्तूजवळ होता, म्हणून काहींना वाटतं तो काठीच्या टोकावर बसवलेला असावा. नॉर्टन डिस्नीचा नग एका मोठ्या खड्ड्यात, रोमन मातीच्या भांड्यांबरोबर होता आणि मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. जिनिव्हात 1982 मध्ये कॅथेड्रलच्या आवारात मिळालेला एक नग वेगळा आहे. तो शिशाचा, वर चांदीचा पत्रा, भोकं नाहीत, पण बारा बाजूंवर बारा राशींची नावं कोरलेली. याचा अर्थ कांस्याचे सगळे नग राशींचे असं नाही. पण त्या काळात कोणाच्या तरी मनात बारा बाजू आणि बारा राशी एकत्र होत्या, एवढं नक्की.

एक-दोन नगांत मेण मिळालंय, त्यावरून मेणबत्तीचं घर म्हणतात. काका, यावर तुम्ही बोला. ते ओतकामातलं मेण असू शकतं का?

आणि एक. आपण इंग्लंडातल्या गूढाबद्दल बोलतोय, पण मास्तरांच्या घरापासून फार लांब नाही असं जुनापाणी आहे. तिथं दगडांची शेकडो वर्तुळं आहेत, अडीच हजार वर्षांच्या आसपासची, आणि काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीत कोरलेत. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्याबद्दल लिहिलं. दिशा दाखवतात, तारे दाखवतात, मेलेल्या माणसाची खूण आहे, असे तर्क आजही चालू आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी गुरं राखणारे आजोबा म्हणाले, "बाई, ज्यानं खोदलं त्याला ठाऊक होतं, त्याच्या पोराला ठाऊक होतं, लिहायचं काहून?" मला अजून कोणत्या प्राध्यापकानं याहून चांगलं समजावलेलं नाही.

कोअरवाले काका

पोरी, जरूर सांग वर्गात. पण पहिला नग फसला होता हेही सांग.

मेणाचं विचारलंस. ओतकामातलं मेण आत राहू शकत नाही. साचा लाल होईपर्यंत भाजावा लागतो, मेण वितळून निघतं आणि उरलंसुरलं जळून जातं. नाही जळालं तर रस ओतताना वाफ होऊन साचाच फुटेल. म्हणजे जे मेण मिळालं ते नंतर कोणीतरी आत टाकलं किंवा आत जळलं. पण सव्वाशेत एक-दोन. आमच्या घरी देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या पळीत कधीकधी तूपही असतं, म्हणून ती तुपाची पळी होत नाही.

तुझ्या गुराख्या आजोबांवरून मला आमचे टाक आठवले. माझ्या आजोबांनी दिलेले पाच टाक आहेत, खंडोबाचा, भवानीचा आणि तीन पूर्वजांचे. चांदीचा पातळ पत्रा, बोटाएवढा. कोणता टाक कोणाचा ते आईला ठाऊक होतं, तिनं माझ्या बायकोला सांगितलं. कुठं लिहिलेलं नाही. बायकोनं सुनेला सांगितलं नाही तर तीन टाक नुसता पत्रा होतील. तपासणाऱ्याला त्यात चांदी किती टक्के ते मिळेल.

परवा दुसरा नग ओतला. या वेळी वरच्या प्रत्येक गुंडीला मेणाची बारीक काडी लावून हवेला वाट दिली. वीसच्या वीस भरल्या. वजन 330 ग्रॅमवर आणलं, 245 अजून लांब आहे.

टेबलावर ठेवला तेव्हा एक गोष्ट दिसली जी फोटोत दिसत नाही. कोणत्याही बाजूवर ठेवा, तो पाच गुंड्यांवर उभा राहतो, खालचं भोक जमिनीला टेकत नाही आणि वरचं भोक बरोबर आकाशाकडं असतं. गुंड्या म्हणजे पाय आहेत. ज्यानं हे केलं त्याला ही वस्तू कुठंतरी सपाट जागेवर ठेवायची होती, आणि बाजू बदलून ठेवायची होती. नाहीतर वीस पाय देऊन काय उपयोग? एकाच बाजूवर ठेवायचा असता तर पाच पुरे होते.

मग आता माझा खरा प्रश्न. सगळे भोकांच्या आतल्या झिजेबद्दल बोलतात. गुंड्यांचे तळ कोणी भिंगाखाली पाहिलेत का? शिशाचं कांसं मऊ असतं, घासलं की लगेच दिसतं. फाशासारखा टाकत असतील तर वीसही गुंड्या सारख्या बोथट झालेल्या असतील. एकाच बाजूवर ठेवून पूजत असतील तर पाचच घासलेल्या, बाकी पंधरावर कानशीच्या खुणा तशाच. काठीच्या टोकावर असेल तर एका भोकाच्या कडेला आतून चकाकी. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यांचे नमुने करायच्या खात्यात, जुना साचा कोणत्या बाजूनं मांडणीत राहायचा ते तळ पाहून आंधळासुद्धा सांगायचा.

पोरी, तुमच्या विभागातून तिकडच्या संग्रहालयाला पत्र जाऊ शकेल का? आणि कोणाची मुलं लिंकन किंवा बेल्जियममध्ये टोंगरेनच्या बाजूला असतील तर त्यांना सांगा, काचेच्या पेटीतला नग पाहताना खाली वाकून गुंड्यांचा तळ दिसतो का ते बघा. फोटो मिळाला तर इथं टाका. पाचच घासलेल्या आहेत की वीस, एवढंच मोजायचं आहे.